दादरची ट्राम

इंदूर-ग्वाल्हेरकडून किंवा बेळगाव-मिरजेच्या वाटेने मुंबईस जाणारा प्रवासी पुष्कळदा दादरलाच उतरतो. स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडून त्याने वाट विचारली की कोणीतरी त्याला ‘टी. टी.’च्या दिशेने बोट दाखविते. नवख्या माणसाला वाटते, ही कोणा दानशूर गृहस्थाची आद्याक्षरे असावीत. तसे काही नाही. त्या चौकाचे दप्तरी नाव खोदादाद सर्कल. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामगाड्यांचे अखेरचे ठाणे. या ठाण्याकडे शेवटची ट्राम आली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. ज्यांनी ती ट्राम कधी डोळ्यांनी पाहिली नाही, असे बसचे वाहक आणि टॅक्सीवाले आजही ‘दादर टी. टी.’ असेच म्हणतात. एखादे वाहन नाहीसे झाल्यावरही त्याचे नाव एखाद्या जागेला असे चिकटून राहते, तेव्हा त्या जागेच्या घडणीत त्या वाहनाचा काही हात असला पाहिजे. तो हात कोणता, ही ट्राम चालत कशी होती, आणि ती बंद का पडली, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा. दादरला मी उपनगर म्हणतो, यावर एखादा जुना मुंबईकर हरकत घेईल. महापालिकेच्या हिशेबाने दादर हे शहरातच मोडते. खरी उपनगरे माहीम-शीव ओलांडल्यावर लागतात. परंतु विसावे शतक उजाडले तेव्हाच्या मुंबईकराला कोट, काळबादेवी, गिरगाव, फार तर भायखळा एवढीच मुंबई ठाऊक होती. त्याच्या लेखी दादर-माटुंगा म्हणजे भातखाचरे, माडांच्या वाड्या आणि ओहोळ असलेला गावाबाहेरचा मुलूख होता. नकाशावर नव्हे, पण माणसांच्या मनात ते उपनगरच होते, आणि ते शहराला जोडण्याचे काम ज्या वाहनांनी केले त्यांत ट्राम होती.

मुंबईस ट्राम आणण्याची कल्पना १८६५ सालची. एका अमेरिकन कंपनीने परवाना मागितला, तो मिळालाही. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे चढलेले भाव कोसळले, मुंबईतील शेअरांचा बाजार बुडाला, आणि त्याबरोबर ही योजनाही बुडाली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला, आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची पहिली ट्राम रस्त्यावर आली. स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकन मंडळींच्या पेढीने ती चालविली. आरंभीचे मार्ग दोन होते : कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणी. भाडे तीन आणे. त्या काळच्या मजुराला ते परवडण्यासारखे नव्हते. लवकरच ते दोन आण्यांवर आणावे लागले. पहिल्यापहिल्याने तिकीटच नव्हते. फुकटे प्रवासी वाढले तेव्हा तिकिटे आली.

रस्त्यावर घोड्यांच्या गाड्या असताना लोखंडी रूळ टाकण्याचा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर बडोद्याच्या श्रोत्यांना परक्या गावी शोधावयास नको. १८६२ मध्ये गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची लोहमार्गाची वाट तयार केली, तेव्हा तिच्यावरील गाड्या आरंभी बैल ओढीत असत. खडीच्या रस्त्यावर चाक प्रत्येक फेऱ्यात थोडे रुतते आणि थोडे वर चढते. जनावराची बरीच ताकद या रुतण्या-चढण्यातच खर्च होते. गुळगुळीत पोलादी रुळावर पोलादी चाक जवळजवळ रुतत नाही. म्हणून तेच जनावर रुळावर कितीतरी अधिक भार ओढू शकते. ट्रामची सारी करामत मुळात एवढीच आहे. पुढे घोडे गेले, वीज आली, पण हा लाभ तोच राहिला.

घोड्यांची अडचण निराळीच होती. ट्राम ओढणारा घोडा दिवसातून काही तासच काम करू शकतो, म्हणजे एका गाडीसाठी अनेक जोड्या तबेल्यात बांधून ठेवाव्या लागतात. गाडी धावो वा न धावो, दाणावैरण रोजची. शिवाय रोगराई. १८७२ च्या शरद ऋतूत अमेरिकेत घोड्यांना साथीचा ताप आला, आणि तेथील मोठमोठ्या शहरांतील ट्रामगाड्या काही काळ जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबईच्या उन्हातही हे काम जनावरांना सुखाचे नव्हते. कुलाब्याला आज जेथे ‘बेस्ट’चे इलेक्ट्रिक हाउस आहे, त्या जागेशी या घोड्यांच्या कंपनीचा इतिहास बांधलेला आहे. रोजचा खर्च असा चालू असता दूरच्या, विरळ वस्तीच्या भागात मार्ग वाढविणे कंपनीला परवडण्यासारखे नव्हते. गाडी जितकी लांब जाणार तितके घोडे अधिक, आणि टोकाला प्रवासी मात्र कमी. घोड्यांच्या ट्रामने दाट वस्तीची मुंबई जोडली. दादरपर्यंतची मजल विजेच्या ट्रामने मारली.

आपल्या देशात विजेची ट्राम प्रथम धावली ती मद्रासेत, ७ मे १८९५ रोजी. मुंबईत ती आली बरोबर बारा वर्षांनी, आणि योगायोग असा की त्याच तारखेस, म्हणजे ७ मे १९०७ रोजी. मधल्या काळात, १९०५ मध्ये, जुन्या कंपनीचा कारभार नव्या कंपनीकडे गेला होता. नव्या कंपनीचे नावच लक्षात घेण्याजोगे आहे : बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. वीजपुरवठा आधी आणि ट्राम नंतर. वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजघर उभे राहिले, आणि त्याच विजेवर ट्रामही धावू लागली व घरोघरी दिवेही लागू लागले. आजची ‘बेस्ट’ बसही चालविते आणि मुंबई बेटावर वीजही पुरविते, याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. बसचा आणि विजेच्या मीटरचा संबंध काय? संबंध ट्रामचा. घोडे सोडून वीज घेतली तेव्हा एकाच घरात हे दोन व्यवसाय जन्मले. ट्राम गेली, आणि तिची ही दोन भावंडे आजही एकत्र कुटुंबात नांदत आहेत.

आता ही गाडी चालत कशी होती ते पाहू. रस्त्याच्या वर, खांबांना बांधून, तांब्याची एक उघडी तार टांगलेली असे. गाडीच्या छपरावर स्प्रिंगच्या जोराने वर ढकलला जाणारा एक लांब दांडा असे, आणि त्याच्या टोकाशी खोबणीचे लहान चाक. ते चाक तारेला खालून चिकटून धावे. बहुतेक ट्रामगाड्यांप्रमाणे येथेही सुमारे पाच-सहाशे व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह वापरीत. तारेतून दांड्यात, दांड्यातून चालकापुढच्या पितळी डब्यात, तेथून आसांजवळ टांगलेल्या मोटरींत, मोटरींतून चाकांत आणि चाकांतून रुळांत, असा त्याचा मार्ग. विजेला परत वीजघरी जावयाचे असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. परतीची दुसरी तार लोकांना वर कोठे दिसत नसे, कारण परतीचे काम रूळच करीत असत. त्यासाठी रुळांचे सांधे तांब्याच्या जाड तारांनी एकमेकांस जोडलेले असत. रूळ जमिनीत पुरलेले असल्याने त्यांच्यातील दाब जमिनीइतकाच राही, आणि अनवाणी माणूस रुळावर उभा राहिला तरी त्याला झटका बसत नसे. वरच्या तारेची गोष्ट निराळी. ती तुटून खाली आली तर माणूस वा जनावर दगावलेच.

चालकापुढच्या डब्याला कंट्रोलर म्हणत. त्यावर एक मूठ, आणि ती फिरविताना खट्‌ खट्‌ करीत अडकणारे टप्पे. गाडी उभी असताना मोटरीला एकदम सारी वीज दिली तर मोटर जळेल किंवा प्रवासी एकमेकांच्या अंगावर कोसळतील. म्हणून पहिल्या टप्प्यांत विजेच्या वाटेत मुद्दाम अडथळे घातलेले असत, आणि दोन्ही मोटरी एकीच्या मागे एक अशा जोडलेल्या असत. तारेतील दाब दोघींत वाटला जाई आणि गाडी सावकाश हलू लागे. मूठ पुढे सरकत गेली की एकेक अडथळा बाजूस पडे. पुढे एका टप्प्याला मोटरींची जोडणीच बदले, त्या शेजारी शेजारी जोडल्या जात, प्रत्येकीला पुरा दाब मिळे आणि गाडी वेग धरी. घाईचा चालक टप्पे गाळून मूठ ओढी, तेव्हा गाडी हिसका देई आणि आतले लोक त्याच्या नावाने बोटे मोडीत. जाणता चालक कोणता हे डोळे मिटून बसलेला प्रवासीही सांगू शके.

गती देण्यापेक्षा थांबविणे अवघड. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज धावते, हा जो गुण मघाशी सांगितला, तोच येथे दोष होतो. ओल्या रुळावर चाके जाम केली तरी गाडी घसरत पुढे जाते. म्हणून चाकांपुढे रुळावर वाळू सोडण्याची सोय ट्रामगाडीत ठेवीत. रस्त्यावरच्या बैलगाड्या, हातगाड्या आणि बेफिकीर पादचारी यांना जागे करण्यासाठी चालकाच्या पायाशी घंटा असे. टाचेने ती ठणठण वाजवीत गाडी पुढे सरके. रुळांना एका अंगाला खाच असते, तीत चाकाची कडा बसते. त्या खाचेत रस्त्याची माती, शेण, पाने साचत, आणि ती नित्य साफ करावी लागे. दुतोंडी गाडी शेवटच्या ठाण्यावर वळवावी लागत नसे. चालक आपली मूठ काढून दुसऱ्या टोकाला जाई, कंडक्टर दोरीने दांडा ओढून तारेवर उलटा फिरवी, बाकांच्या पाठी खटाखट पालथ्या केल्या की मागचे तोंड पुढचे होई.

लांबच्या मार्गाची एक अडचण येथे सांगितली पाहिजे, कारण दादरसारख्या मार्गाची सारी गुंतागुंत तीत आहे. तार कितीही चांगल्या तांब्याची असली तरी वीजघरापासून जसजसे दूर जावे तसतसा तिच्यातील दाब उतरत जातो. नळाच्या शेवटच्या घराला पाणी बारीक येते तसेच हे. शेवटच्या टोकाला एकाच वेळी चार गाड्या सुटू लागल्या तर चारही रेंगाळत, दिवे मंद होत. यावर उपाय म्हणजे वाटेत जागोजागी उपकेंद्रे उभारून तेथे जाड केबलने मोठ्या दाबाची वीज न्यावयाची, आणि तिचे रूपांतर करून ती तारेत ठिकठिकाणी सोडावयाची. म्हणजे दोन मैल अधिक मार्ग वाढवावयाचा तर केवळ रूळ पुरत नाहीत. खांब, तारा, केबल, उपकेंद्र, सारेच वाढते. १९१५ मध्ये खोपोलीस टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे कंपनीने स्वतः कोळसा जाळण्याऐवजी ती वीज घाऊक भावाने घेण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा घाटावर पडणाऱ्या पावसावर दादरची ट्राम धावू लागली, असे म्हणावयास हरकत नाही. तोच पाऊस मुंबईत पडला की मात्र पंचाईत. ट्रामच्या मोटरी गाडीखाली, रस्त्यापासून वीतभर उंचीवर असतात. रस्त्यावर पाणी साचले की त्यांना धोका. परळ आणि दादर यांच्यामध्ये हिंदमाताचा सखल भाग आहे, आणि तेथे आजही पावसाळ्यात काय होते हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सांगावयास नको.

एवढा खर्च करून दादरकडे रूळ का गेले? याचे मूळ १८९६ च्या प्लेगमध्ये आहे. दाटीवाटीच्या चाळींत माणसे पटापट मेली, तेव्हा सरकारला जाग आली, आणि १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या शहरात नवे रुंद रस्ते पाडले, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहतींची योजना केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच योजनेची अपत्ये. मधोमध एक प्रशस्त राजमार्ग काढला. तेव्हा त्याला किंग्जवे म्हणत, आज तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. स्वतः बाबासाहेब १९१२ पासून सुमारे दोन तपे याच ट्रस्टच्या परळमधील चाळीत राहिले आणि नंतर हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून तेथे गेले, ही गोष्ट या रस्त्याच्या इतिहासात शोभून दिसते.

परंतु भूखंड आखले म्हणजे माणसे येत नाहीत. नोकरी कोटात, बाजार क्रॉफर्ड मार्केटात, आणि बिऱ्हाड दादरास, ही जुळवाजुळव कारकुनाला कशी परवडावी? आगगाडी होती. बोरीबंदर ते दादर हे अंतर लोहमार्गाने सुमारे ९ किलोमीटर. पण आगगाडी स्थानकावर चढविते आणि स्थानकावर उतरविते. मधल्या पायधुणी-भेंडीबाजारात काम असलेल्याला तिचा उपयोग थोडा. शिवाय विजेच्या लोकलगाड्या मुंबईत सुरू झाल्या त्या ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, तोवर धुराच्या गाड्यांवर भिस्त. या पेचातून वाट काढली ती ट्रामच्या भाड्याने. जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते : कोठूनही कोठेही एक आणा. जवळ जावयाचे तरी एक आणा, दादरच्या टोकाला जावयाचे तरी एक आणा. मध्ये गाडी बदलावी लागली तर त्याच तिकिटावर दुसरी ट्राम मिळे. पुढे हे दर वाढले, परंतु आरंभीच्या मोलाच्या वर्षांत त्यांनी आपले काम केले.

या एका आण्याचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. अंतरावर भाडे आकारले असते तर दादरवासीयाला रोज चार-पाच पट पैसे मोजावे लागले असते आणि त्याने गिरगावातील खोली सोडली नसती. सरसकट भाड्याने झाले असे की काळबादेवीहून बोरीबंदरला जाणारा प्रवासी आपल्या आण्यातून दादरच्या प्रवाशाचा थोडा भार उचलू लागला. त्याला हे कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर त्याने खळखळ केली असती. पण या न बोललेल्या देवघेवीतून शहराची गर्दी उत्तरेकडे पसरू शकली. मोकळ्या हवेत, स्वतंत्र नळ-संडास असलेल्या जागेत मध्यमवर्गीय मराठी कुटुंब राहू लागले, आणि त्यापाठोपाठ शाळा-महाविद्यालये आली. तंत्रशिक्षणाची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १९२३ मध्ये माटुंग्यास गेली, १९३७ मध्ये रुइया महाविद्यालय निघाले. दादरची ही वाढ ट्रामनेच केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जमीन ट्रस्टची, लोकल रेल्वेची. पण शेवटच्या ठाण्याला लोकांनी नाव दिले ते ट्रामचे, आणि लोक अशी नावे उगाच देत नाहीत.

बोरीबंदराहून निघालेली दादरची ट्राम कशी जात असे, त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. क्रॉफर्ड मार्केटाशी फळांच्या करंड्या घेऊन माणसे चढत. भेंडीबाजारात गाडी मुंगीच्या पावलाने सरके आणि घंटेचा अखंड ठणठणाट होई. भायखळा मागे पडले की रस्ता मोकळा होऊ लागे. मग गिरण्यांचा मुलूख, लालबाग, परळ. पाळी सुटण्याच्या वेळी फूटबोर्डावरही पाय ठेवावयास जागा नसे. खालचा मजला अपुरा पडू लागला म्हणून १९२० मध्ये दुमजली ट्रामगाड्या आल्या. कंडक्टर या सगळ्या गर्दीतून वाट काढीत रंगीत तिकिटांना भोक पाडीत फिरे. परळ ओलांडले की वारा लागे, गाडीला खरा वेग येई, आणि दुमजली गाडीच्या वरच्या पुढच्या बाकावर बसलेल्या मुलाला आपणच गाडी हाकीत आहोत असे वाटे. ही मौज आगगाडीत नव्हती.

मग असे वाहन बंद का केले? सर्वसाधारण उत्तर ठरलेले आहे : ट्राम मंद, जुनाट, रहदारीस अडथळा. यात खोटे काही नाही, पण हे अर्धेच उत्तर आहे. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालते, म्हणून चढणाऱ्या-उतरणाऱ्याला मोटारींच्या वाटेतून जावे लागते. एक गाडी नादुरुस्त झाली की मागच्या दहा तिच्यामागे खोळंबतात, कारण रुळावरून बाजूला होण्याची सोय नाही. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली, तेव्हा ती काही ट्रामची वैरीण म्हणून आली नव्हती. तीही त्याच कंपनीची. परंतु जमाखर्चात दोघींना समान न्याय नव्हता. ब्रिटिश वळणाच्या ट्राम-करारांत रुळांमधला आणि रुळांलगतचा रस्ता दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी सामान्यतः ट्रामवाल्यांवर असे. रस्ता उखडला तर तो ट्रामच्या खर्चाने नीट होई, आणि त्याच रस्त्यावरून बस व मोटार फुकट जात. रूळ, खांब, तारा यांचे नूतनीकरण ट्रामच्या खाती पडे. बसच्या खाती रस्ता धरलाच जात नसे. अशा हिशेबात ट्राम तोट्यात दिसली तर नवल नाही.

७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सारी सेवा मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली. तोवर युद्धकाळाच्या ओढाताणीने रूळ आणि गाड्या झिजल्या होत्या. नवे रूळ घालावेत की बसगाड्या घ्याव्यात, असा प्रश्न होता, आणि जगातील बहुतेक शहरांनी तेव्हा जे उत्तर दिले तेच मुंबईने दिले. कानपूरची ट्राम तर १९३३ मध्येच गेली होती, मद्रासची १९५३ मध्ये गेली, दिल्लीची १९६३ मध्ये. मुंबईतही एकेक मार्ग मिटत गेला. वरची तार मात्र थोडी रेंगाळली : १९६२ पासून १९७१ पर्यंत मुंबईने रुळांवाचून, रबरी चाकांवर धावणाऱ्या विजेच्या ट्रॉलीबसचा प्रयोग करून पाहिला, तोही टिकला नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर काळबादेवी आणि भेंडीबाजारातून ट्राम काढणे समजण्यासारखे होते. तेथे रस्ताच नव्हता, गाड्यांना एकमेकींच्या अंगावरून जाण्यापुरतीही जागा नव्हती. दादरकडची बाजू तशी नव्हती. तेथे रस्ता ट्रामच्या काळातच, रुंद आणि सरळ आखलेला होता. मेलबर्नने अशा रुंद रस्त्यांवरची ट्राम ठेवली, आणि आज तेथील ट्रामचे जाळे जगातील सर्वांत मोठ्या जाळ्यांत गणले जाते. मुंबईत निवाडा सर्व मार्गांना एकच झाला. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परळ ते दादर एवढाच तुकडा ठेवून उपयोग काय होता? दादरच्या माणसाला कोटात जावयाचे होते, आणि कोटाची वाट त्याच अरुंद बाजारांतून जात होती. शेपूट वाचविण्यासाठी डोके वाचवावे लागले असते, आणि डोक्याशी जागा नव्हती. कलकत्त्याने ट्राम सर्वांत अधिक काळ सांभाळली, पण २०२४ मध्ये तेथील राज्य सरकारनेही मैदानाजवळचा एक मार्ग वगळता बाकीची सेवा थांबविण्याचे जाहीर केले.

३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. पाय ठेवावयास जागा नव्हती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस तिला निरोप देण्यास लोक उभे होते. ज्यांना दुसऱ्या दिवशी बसनेच जावयाचे होते तेही आले होते. तिकिटाच्या पैशांचा तेव्हा आण्यांत हिशेब राहिला नव्हता. १९५७ मध्येच नवे पैसे आले होते. दादरच्या चौकात ती गाडी थांबली आणि नव्वद वर्षांची ती सेवा संपली.

रूळ मात्र सगळेच निघाले नाहीत. रस्त्यात खोलवर बसविलेले पोलाद उखडून काढणे हे मोठ्या खर्चाचे काम असते, त्यापेक्षा वरून डांबराचा थर देणे सोपे. पुष्कळ ठिकाणी तसेच केले गेले. २०१७ मध्ये हुतात्मा चौकाच्या परिसरात रस्त्याचे काम चालू असता खणताखणता जुने रूळ वर आले. बेस्टने आपल्या जुन्या सेवेच्या आठवणी अणिक आगारातील संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. वडाळ्याच्या बाजूस जाण्याचा प्रसंग आला तर तेथे डोकावून यावे, आणि परतताना टी. टी.वर उतरावे. बसचा वाहक त्याच नावाने थांबा पुकारील.